यमकांची शिकवणी

"फाइट म्हणजे?" बाईंनी विचारलं.

"भांडण," मुलं म्हणाली.

"बाइट म्हणजे?"

"चावणं."

"मोठ्यानं म्हणा. पलीकडे ऐकू गेलं पाहिजे."

समोर चारच मुलं होती. एके काळी या खोलीत मुंगीला शिरायला जागा नसायची आणि चपला पायऱ्यांपर्यंत जायच्या. बाईंची पद्धत साधी होती. यमक जुळणारे इंग्रजी शब्द घ्यायचे, प्रत्येकाचा अर्थ सांगायचा आणि डोक्यात बसेपर्यंत मुलांकडून म्हणून घ्यायचं. वही नाही, पुस्तक नाही, सगळा तोंडी कारभार. आवाज मुळातच खणखणीत होता.

मग भिंतीला भिंत लागून असलेल्या घरात मॅडम राहायला आल्या. आल्या आल्या त्यांनी शिकवणी काढली, तीही इंग्रजी शब्दांची, आणि वेळ नेमकी बाईंचीच धरली. बाई भाचीच्या लग्नाला गेल्या तर मॅडमनीही सुट्टी दिली. इतकी नक्कल माकडसुद्धा करत नाही. एकेक मूल तिकडे सरकलं. ही चारही गेली की बाईंना उभ्या आयुष्याची शिकवणी बंद करावी लागणार होती, आणि दुसरं काही त्यांना येत नव्हतं, आवडतही नव्हतं.

"माझ्या पोटावर पाय द्यायला आलीय ही बया," बाई नवऱ्याला म्हणाल्या.

बाई गप्प बसणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी आपली खुर्ची मधल्या भिंतीला चिकटवली आणि आवाज चढवला. मॅडमचं शिकवणं त्यांच्याच मुलांच्या कानात शिरू नये, हा सरळ हिशोब. वरच्या मजल्यावरचे वकील तक्रार घेऊन आले. खालच्या शिंप्यानं हात जोडले. मॅडमनी मात्र कधी चकार शब्द काढला नाही. उलट जिन्यात भेटल्या की हसून बाजूला व्हायच्या. त्या हसण्यानं बाईंच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

एक दिवस वाण्याच्या दुकानात तिकडे गेलेल्या एका मुलाची आई भेटली. मुलगा बरोबर होता.

"राग मानू नका बाई," ती म्हणाली. "पण पोराचे उच्चार बघा किती स्वच्छ झालेत. शब्द पाठ, अर्थ पाठ. आणि मॅडम आवाजसुद्धा चढवत नाहीत हो. म्हणून दाखव रे."

पोरानं धडाधड म्हणून दाखवलं. फाइट, बाइट, नाइट, काइट. भांडण, चावणं, रात्र, पतंग. त्याच दुपारी बाईंनी घेतलेले शब्द, त्याच क्रमानं.

बाई साखर न घेताच घरी आल्या. रोजचे शब्द त्या सकाळच्या चहाला ठरवायच्या आणि मोठ्यानं घोकायच्या. तेव्हा घरात नवऱ्याशिवाय कोणी नसायचं. आणि नवरा तासतासभर गॅलरीत उभा राहून मॅडमशी बोलायचा.

"तुम्ही तिला माझे शब्द सांगता," बाई म्हणाल्या.

"मी?" नवऱ्यानं पेपर खाली केला. "अगं, मला ते तोंडात तरी धरता येतात का?"

"मग रोज काय बोलणं चालतं?"

"कुंड्यांचं. तिची तुळस जळतेय."

"घरचा भेदी म्हणतात तो हाच."

"डोकं शांत ठेव. पोरं तुझ्या ओरडण्याला कंटाळून जातात, तिच्यामुळे नाही."

बाईंना हे वर्मी लागलं. रात्री त्यांनी स्वतःचं वाढलेलं ताट तसंच झाकून ठेवलं. इतक्या वर्षांचा संसार आणि माणूस फितूर निघाला, याचं त्यांना रडू आलं आणि त्या रडण्याचाही राग आला.

सकाळी चहाला त्या एक शब्द बोलल्या नाहीत. नवरा भाजीला गेल्यावर दार लावून त्यांनी दुपारचा सगळा धडा मोबाइलमध्ये भरून ठेवला. अगदी नवे शब्द, कोणाच्या कानावर न गेलेले. आज मॅडमच्या हाती काहीच लागणार नव्हतं. ती भरल्या वर्गासमोर कशी ततपप करते ते दारात उभं राहून बघायचं आणि तिथंच, मुलांदेखत, तिची खरडपट्टी काढायची. आपण घरातच आहोत असं तिला वाटावं म्हणून मोबाइल भिंतीशी ठेवायचा, मोठ्या स्पीकरला जोडून.

दुपारी चार मुलं येऊन बसली. बाईंनी स्पीकर चालू केला.

"हा म्हणेल तसं म्हणा," त्या म्हणाल्या. "मी घशाचं औषध घेऊन येते."

त्या मागच्या जिन्यानं उतरल्या आणि वळसा घालून पुढच्या जिन्यानं वर गेल्या. काय काय बोलायचं ते ओठावर तयार होतं. मॅडमचं दार वाऱ्यासाठी अर्धं उघडं होतं. बाईंनी श्वास रोखून आत पाहिलं.

खोली मुलांनी गच्च भरली होती. फळा नव्हता, पुस्तक नव्हतं. मॅडम खिडकीशी बसून उशीच्या अभ्र्याला बटणं लावत होत्या. सगळी मुलं त्यांच्याकडे पाठ करून, मधल्या भिंतीकडे तोंड करून, मांडी घालून बसली होती.

"टॉल म्हणजे उंच," भिंतीतून बाईंचा आवाज आला.

"टॉल म्हणजे उंच," मुलं एका सुरात म्हणाली.

एक मुलगी मागं वळली. "मॅडम, फॉल म्हणजे काय?"

मॅडमनी सुईवरची नजर काढली नाही. "मला काय ठाऊक? गप्प बस आणि ऐक. बाई सांगतील आत्ता."