रविवारी बंद पडणारे कान

जेवताना कौसाबाई सुदामच्या तोंडाकडे टक लावून बघत होत्या. आठवडाभर त्यांचं हेच चाललं होतं. आईला सगळं कळलंय असं वाटून सुदामने मान आणखी खाली घातली.

कारखान्याने त्याला कामावरून कमी केलं होतं. आईला बसवलेले यांत्रिक कान कारखान्याच्या सवलतीवर चालत. ते रविवारी बंद पडणार होते. नोकरी गेल्यावर मिळणाऱ्या भरपाईतली थोडी रक्कम सोडली असती, तर ते आणखी वर्षभर चालले असते. भरपाईच्या कागदावर तसं लिहिलंही होतं. सुदामला ते समजलं नव्हतं, आणि सहीच्या रांगेत मागे उभ्या असलेल्या सोबत्यांसमोर विचारायला तो लाजला होता. त्याने निमूट सही केली होती.

"आई, सांगायचं होतं..." तो ताटाकडे बघत पुटपुटला.

"वर बघून बोल. कान मी बंद ठेवलेत."

"का?" त्याने वर बघत विचारलं.

"रविवारी बंदच होणार ना? त्या कानांनीच सूचना वाजवून मला सांगितलं, नोकरी गेल्याचंसुद्धा. आता ओठ बघून समजायला शिकतेय. तुझी ती मिशी आधी काढ, अर्धे शब्द तिच्यातच अडकतात."

सुदामचा चेहरा उतरला. "वर्षभर चालले असते, आई. मी विचारलंच नाही. लाज वाटली."

"परत मान खाली! काही कळलं नाही. पुन्हा सांग."

सुदामने मान वर केली. आईच्या डोळ्यांत बघत, एकेक शब्द सुटा करून, त्याने ते सगळं पुन्हा सांगितलं.

"आता कळलं," कौसाबाई म्हणाल्या आणि त्यांनी त्याच्या ताटात भाकरी वाढली.