टपाचं माप

"होडी मी फक्त विसर्जनाला पाहिलीय, आंटी," मालन म्हणाली. "रिक्षाचा टप सांगा, डोळे मिटून शिवते. होडीचा कसा असतो ते तुम्हीच दाखवा."

अंधेरीला आंबोलीच्या एका गल्लीत मालनचं रिक्षांचे टप शिवायचं दुकान. दुकान कसलं, आत एक मशीन आणि कॅनव्हासच्या गुंडाळ्या, बाकी सगळं काम फुटपाथवर. क्लॅरिसने तिच्याकडून खडू मागून घेतला आणि साठी उलटलेल्या गुडघ्यांना न जुमानता ती खाली बसली. फुटपाथवर तिने आपली शिडाची होडी काढली. पुढे निमुळतं टोक, मध्ये बुटकी केबिन, मागे बसायची जागा आणि सुकाणू.

"इथे मी बसते. लाट पुढून येते, केबिनवर आपटते आणि सगळं पाणी माझ्या तोंडावर. म्हणून केबिनच्या या कडेला टप हवा. समोर बघायला प्लास्टिकची खिडकी. नको तेव्हा घडी करून पाडता आला पाहिजे."

तिचा नवरा बॅप्टिस्ट पिशवी मांडीवर घेऊन पायरीवर बसला होता. सगळा जन्म वर्सोव्यात गेला, पण मढची फेरीबोट सोडली तर गडी पाण्यावर गेला नव्हता. क्लॅरिस रविवारी एकटीच शीड सोडायची. मागच्या महिन्यात ती अशी भिजून आली, की आठवडाभर खोकत होती. तेव्हा त्याने सुनावलं होतं, "होडीला आडोसा कर, नाहीतर होडी वीक." आज तो आला होता भाव करायला. तिला कोणीही गंडवतं, असं त्याचं म्हणणं.

मालनने दोन कापडं पसरली. "हा खाकी, आपला साधा कॅनव्हास. पाइपासकट चौदा हजार. दोन वर्षांत उन्हाने विटतो. आणि हा निळा, बाहेरचा. रंग जात नाही, पाणी धरत नाही. सव्वीस."

"सव्वीस हजारांत रिक्षा येईल," बॅप्टिस्ट म्हणाला.

"येईल की, चाकांशिवाय."

निळा क्लॅरिसच्या मनात भरला होता. पण होडीवरून घरात आधीच काय कमी वाजलं होतं? "साधाच दे," ती म्हणाली.

"कापड मागून ठरवू. आधी उंची." मालनने एका जुन्या टपाचा सांगाडा आणून खडूच्या केबिनवर उभा केला, त्यावर खाकी कापड ताणून बांधलं आणि मागे एक स्टूल ठेवलं. "बसा आंटी. आता पाणी कसं येतं ते बघायला पाहिजे. अंकल, ती बादली उचला. तुम्ही लाट."

"मी?"

"दुसरं कोण मोकळं आहे इथे?"

बॅप्टिस्ट उठला. त्याने ओंजळभर पाणी घेऊन, झाडाला घालावं तसं, कापडावर शिंपडलं.

"अशी लाट असती तर मी टप शिवायला आले असते का रे?" क्लॅरिस आतून ओरडली. "नीट मार!"

त्याने बादलीच उचलली. पाणी कापडावर आपटलं, वरून उसळलं आणि धबकन क्लॅरिसच्या डोक्यावर पडलं. समोर थांबलेल्या रिक्षावाल्याने शिट्टी मारली. मालनने सांगाडा चार बोटं उचलला. दुसरी बादली आली. या वेळी पाणी दोन्ही बाजूंनी निथळून गेलं आणि क्लॅरिस कोरडी राहिली. तिने दोन्ही हात वर केले. बॅप्टिस्टची पँट गुडघ्यापर्यंत भिजली होती, चष्म्यावर थेंब होते आणि तो नळाखाली तिसरी बादली लावत होता.

"आता तू बस," ती म्हणाली.

"मी कशाला?"

"बस रे! मला लाट होऊ दे जरा."

तो अंग चोरून स्टुलावर बसला. क्लॅरिसने बादली घेतली, दोन पावलं बाजूला सरकली आणि तिरकी मारली. समुद्र काय नेहमी समोरूनच येतो? बॅप्टिस्ट नखशिखांत भिजला. मग त्याने चष्मा काढला आणि हसायला लागला. इतका हसला, की त्याला उचकी लागली. लग्नाच्या पहिल्या वर्षानंतर असं हसताना क्लॅरिसने त्याला पाहिलं नव्हतं.

उचकी थांबल्यावर त्याने दोन्ही बाजूंना हात लांबवून पाहिले. "मालन, हा अरुंद आहे."

"एकाच्या मापाचा आहे, अंकल. आंटी एकट्याच जातात ना?"

तो स्टुलावर जरा बाजूला सरकला. "दोघांचा किती होईल?"

क्लॅरिसच्या हातातली रिकामी बादली तशीच राहिली.

"पाइप वाढेल, कापड वाढेल. साधा अठरा, निळा बत्तीस."

"निळा लाव."

"तीस कर गं मालन," क्लॅरिस घाईघाईने म्हणाली. "हा आज शुद्धीवर नाहीये."

"एकतीस. आणि लाटा माझ्याकडून फुकट. शनिवारी घेऊन जा."

मालन टेप आणायला आत गेली. क्लॅरिसने ओढणीने नवऱ्याचा चष्मा पुसला आणि त्याच्या नाकावर चढवला. बॅप्टिस्टने ओठांवरून जीभ फिरवली.

"गोडं आहे गं हे पाणी," तो जरा हिरमुसून म्हणाला.