आबांची टाच

"आबा, मागच्या वेळी डावी होती ना?" दवाखान्यातल्या शीतल मॅडमनी विचारलं.

सोपानरावांनी टेबलावर ठेवलेल्या उजव्या पायाकडे पाहिलं, मग डाव्याकडे.

"दोन्ही ठणकत्यात. आज ही जास्ती."

मॅडमनी मशीन सुरू केलं. टकटक करत टाचेवर ठोके बसू लागले. सोपानराव डोळे मिटून, दात आवळून बसले. दारात उभा असलेला विश्वजीत म्हणाला, "आबा, मी तवर खताच्या दुकानात जाऊन येतो."

"जा. सावकाश ये. मला काय घाई न्हाई."

विश्वजीत बाहेर पडला आणि इकडंतिकडं बघून मागचा जिना चढला. दौंडच्या या दवाखान्यात खाली हाडांचं काम चाले. वर पुरुषांच्या त्या तक्रारींचे डॉक्टर बसत. मशीन दोन्हीकडं एकाच जातीचं, शॉकवेव्हचं. फक्त ठोके द्यायची जागा वेगळी.

नशीब कसं उघडतं बघा. खुटबावातला धडधाकट गडी एकटा दवाखान्यात गेला, तर संध्याकाळपर्यंत पारावर त्याचा आजार ठरतो. पण बापाला घेऊन गेला तर लोक म्हणतात, पोरगा गुणाचा. आबांची टाच दुखायला लागली आणि विश्वजीतला घरबसल्या निमित्त मिळालं. जवळ यवतला हाडांचे डॉक्टर असताना आबा दौंडलाच अडून बसले, म्हातारपणीचा हट्ट म्हणून त्यानंही ऐकलं. पहिल्या दिवशी आबांनी त्याला "हितं बस, पंख्याखाली" म्हणून बाकावर बसवलं. समोरच वरच्या डॉक्टरांची पाटी होती. ती वाचताना त्याचे कान तापले. पुढच्या खेपेला तो जिना चढला.

त्याआधीचं वर्ष मात्र वाईट गेलं होतं. रोज रात्री तो बायकोला, सुलक्षणाला म्हणायचा, "लाईट रातची हाय, मोटार चालू करायला जातो." लाईट दिवसाची असली तरी म्हणायचा. ओट्यावर झोपलेल्या आबांना ओलांडून मोटारीच्या खोलीत जाऊन पडायचा. एकदा सुलक्षणानं विचारलं होतं, "माझ्यात काय कमी हाय, तेवढं तरी सांगा." कमी तिच्यात नव्हती, आणि जिथं होती ते सांगायला त्याची जीभ उचलेना. मग शिरूरला भावाच्या घरभरणीला म्हणून ती गेली ती तिकडंच राहिली. फोन केला की दोनच शब्द बोलायची. ती आता येणारच नाही, या भीतीनं त्याला घास गोड लागत नव्हता.

पण आज गडी दोन-दोन पायऱ्या एकदम चढत होता. पहाटे त्याला जाग आली होती ती देहानंच दिलेल्या खबरीनं. तो तसाच उताणा पडून छपराकडं बघत हसत राहिला होता.

"डॉक्टर, गुण आला!" आत शिरताच तो म्हणाला.

"आवाज खाली जाईल," डॉक्टर हसले. "हे बघा, सगळ्यांनाच गुण येतो असं नाही. तुमचा त्रास सुरुवातीचा होता, तुम्ही तंबाखू सोडलीत, साखर आटोक्यात आणलीत. ते तसंच चालू ठेवा."

मशीनवरून उठल्यावर जिन्यातच त्यानं फोन लावला.

"सुलक्षणा, उद्या न्यायला येऊ?"

"एवढी कसली घाई झालीय?"

"आल्यावर सांगतो." तो थांबला. "न्हाई, आत्ताच सांगतो."

आणि त्यानं सांगितलं. अडखळत, घाम पुसत, भिंतीकडं तोंड करून सगळं सांगितलं.

"मला वाटलं, मी तुमच्या मनातनंच उतरले," ती रडत म्हणाली. "आधी सांगितलं असतं तर मीच आले नसते व्हय दवाखान्यात? उद्या लवकर या. मी पिशवी भरते."

विश्वजीत खाली आला तेव्हा सोपानराव चपला घालून तयार होते. खताचं पोतं आजही आलं नव्हतं. त्यांनी ते विचारलं नाही. पोराच्या खांद्यावर हात टाकून लंगडत लंगडत ते गाडीपर्यंत गेले.

दुसऱ्या दिवशी सुलक्षणा घरी आली. मोटारीच्या खोलीला त्या रात्री कुलूप राहिलं.

सकाळी चुलीपाशी दोघांचं हसणं थांबता थांबत नव्हतं. इतक्यात गोठ्यातलं रेडकू दावं तोडून उसाकडं पळालं. "धरा, धरा!" सुलक्षणा ओरडली. चहाचा पेला घेऊन विश्वजीत बाहेर आला आणि तिथंच थांबला.

सोपानराव धोतराचा सोगा खोचून रेडकाच्या मागं धावत होते. मधे भरलेला पाट आला. त्यांनी तो एका उडीत ओलांडला, पलीकडं दोन्ही टाचांवर उतरले आणि तसेच पुढं पळाले.

रेडकू घेऊन ते परत आले तेव्हा विश्वजीत पाटाच्या काठाशी उभा होता.

"आबा... टाच?"

सोपानरावांनी पोराकडं बघितलं नाही. रेडकाच्या गळ्यातली गाठ आवळत ते उसाकडं तोंड करून म्हणाले,

"वरच्या मजल्यावर अजून एकदा बोलावलं असंल तर आधी सांगून ठेव. म्हंजी मला आणखी चार दिस लंगडाया बरं."