देवघराशेजारची टाइल

टाइल काही केल्या बसेना. नीलिमाने मागचा कागद सोलून ती भिंतीवर दाबली, तळहाताने ठोकली, तरी डावा कोपरा वरच. जयनगरचा कानडी दुकानदार म्हणाला होता, "स्वल्प दाबायचं अक्का, डिंक धरतो." ओट्यामागे धरलाही. घोडं अडलं ते देवघराशेजारी, जिवतीची तसबीर काढलेल्या जागी.

सासूबाई बनशंकरीला देवळात गेल्या होत्या. त्या यायच्या आत तिला भिंत पुरी करायची होती. विचारत बसलं असतं तर स्वयंपाकघर जन्मभर तसंच राहिलं असतं.

तिने जोर लावून टाइल उपटली. डिंकाला चिकटून चुन्याचा पापुद्रा आला आणि त्याच्याबरोबर रुपयाएवढा जाड पोपडा. आतून लालभडक.

कुंकू होतं ते. श्रावणातल्या शुक्रवारी जिवती पुजून झाली की सासूबाई तसबिरीमागे लेकराच्या नावाने कुंकवाचं बोट टेकवत. दर वर्षी त्याच जागी, थरावर थर. म्हणजे आपण आपल्या लेकीचं, सिद्धीचंच बोट उपटलं. मग तिला शेजारी तसाच दुसरा उंचवटा दिसला. सिद्धी तर एकुलती एक.

"कुठलं निघालं?" दारातून सासूबाईंचा आवाज आला. हातातली परडी त्यांनी खाली ठेवलीसुद्धा नव्हती.

"डावीकडचं. आई, पण दोन कशी?"

"उजवं सिद्धीचं." त्यांनी परडी खाली ठेवली. "डावं मोठीचं."

नीलिमाची सिद्धीच्या आधीची मुलगी एकच रात्र जगली होती. दवाखान्यात याच सासूबाई म्हणाल्या होत्या, आता घरात तिचा उच्चार नको. तो राग नीलिमाने आजवर जपला होता.

"तुम्हीच तर म्हणाला होतात..."

"म्हणाले होते. तू रडून रडून अर्धी झाली होतीस." सासूबाई टाइलकडे बघत होत्या. "पण तू तिच्या वेळी पोटुशी होतीस त्या श्रावणात पहिलं बोट लावलं होतं. पुढच्या श्रावणात हात आखडता कसा घ्यायचा, सांग."

नीलिमा पोपडा नखाने सोडवू लागली. डिंक सोडेना. पोपड्याचा चुरा बोटांना लागला.

सासूबाईंनी देवघरातला कुंकवाचा करंडा उचलून तिच्यापुढे धरला.

"या खेपेला तू लाव."

"आज कुठे श्रावण आहे, आई?"

"त्या लेकराला काय कळतंय श्रावणातलं," सासूबाई म्हणाल्या.