चौथी खुर्ची

या, जवळ सरका. एका जेवणाची गोष्ट सांगतो. तिथे देवाचं नाव कुणी घेतलं नाही, पण घासाघासाला तो हजर होता.

हाल्वर नॉर्वेहून चीनमधल्या चौशान बेटावर आला होता, शेन म्हाताऱ्याला जीव वाचवणारे तराफे विकायला. बोट बुडाली की कडी आपोआप उघडावी आणि तराफा वर यावा, असा तो माल. शेनच्या चाळीस मासेमारी बोटी होत्या. सौदा फिसकटला तर हाल्वरच्या गावचा कारखाना बंद पडणार होता.

त्याच्या पिशवीत दोन कागद होते. एक कराराचा. दुसरा कारखान्याच्या तपासनिसाचा: कडाक्याच्या थंडीत कडी अडकते. हा दुसरा त्याने कुणालाच दाखवला नव्हता.

पहिल्याच दुपारी त्याने करार पुढे सरकवला. शेनने त्यावर कोळंबीची ताटली ठेवली.

"आधी माणूस, मग माल. जेवा, भाऊ."

म्हाताऱ्याचं बोलणं त्याची सून आमेई उलगडून सांगत होती. चौथी खुर्ची रिकामी होती. तिच्यापुढे वाडगा, जेवायच्या काड्या, दारूने भरलेला पेला.

"नमुन्याचे तराफे लावलेली बोट माझा मुलगा युआनहांग घेऊन गेला," शेन म्हणाला. "तुमच्या मालाबद्दल त्याचाच शब्द शेवटचा."

"मग थांबतो की!"

हाल्वर थांबला. तिथल्या रीती तो घोकूनच आला होता. पेला भिडवताना आपला म्हाताऱ्याच्या पेल्याहून खाली धरायचा. ताटातला मासा कधी उलटायचा नाही; काटा उचलून खालची बाजू खायची. मासा उलटला की बोट उलटते. आमेईच्या केसांतल्या पांढऱ्या लोकरीच्या फुलाचंही त्याने कौतुक केलं.

"छान दिसतं हं."

"नवऱ्यासाठी घालते," ती म्हणाली आणि तिने त्याला भात वाढला.

दुसऱ्या दिवशी शेन 'तू'वर आला. "काड्या धरायला शिकलास की रे! आता इथलीच बायको बघू तुला."

"घरी आहे एक."

"उपाशी असेल बिचारी. तिच्या वाटचंही तूच खातोस!"

हाल्वर पोट धरून हसला. जमलं, त्याला वाटलं.

जाताना शेनने सहज विचारलं, "मालात काही खोट?"

"छे, दादा!"

तिसऱ्या दुपारी भला मोठा पिवळा मासा आला. वरची बाजू संपली. शेनने काड्या खाली ठेवल्या.

"दादा म्हणतोस ना मला? मग खोट असेल तर आज सांग. भावाने सांगितलं तर राग नाही. दुरुस्त करू. मी थांबेन, करार दुसऱ्या कुणाला देणार नाही."

हाल्वरने पायाने पिशवी खुर्चीखाली ढकलली.

"काही नाही, दादा. माझ्या स्वतःच्या पोराला त्या तराफ्याच्या भरवशावर समुद्रात पाठवीन."

आमेईने ते शब्द न् शब्द सांगितलं. म्हाताऱ्याने माशाखाली काड्या घातल्या आणि मासा उलटा केला.

चौथ्या खुर्चीपुढचा पेला उचलून त्याने दारू सावकाश जमिनीवर ओतली, आणि हलक्या आवाजात काहीतरी बोलला.

आमेईने केसांतलं सुतकाचं पांढरं फूल चाचपलं.

"मामंजी म्हणतात, कडी उघडली नाही."

बाबांनो, आज पहिला घास घ्याल तेव्हा युआनहांगला आठवा.