डावा मडगार्ड

‘हात लावू नये’ अशी ठळक पाटी बॉनेटवर ठेवलेली होती, तरी डेंटरचा हात गेलाच. पुढच्या डाव्या चाकाशी तो उकिडवा बसला आणि मडगार्डच्या कडेखालून त्याने बोट आत सरकवलं. पत्र्याच्या आतल्या अंगाला तीन ठिपके हाताला लागले. एका ओळीत, लोखंडी पंचाने मारलेले.

त्याने पुन्हा चाचपून पाहिलं. तीनच.

ही त्याच्या उस्तादाची शिकवण. काम मनासारखं झालं की खूण ठेवायची, पण कोणाची नजर पोचणार नाही अशा जागी. बऱ्या कामाला एक ठिपका, चांगल्याला दोन. तीन ठिपके डेंटरने उभ्या आयुष्यात एकदाच मारले होते.

डेंटिंगचं दुकान बंद केल्यापासून जुन्या गाड्यांचं एकही प्रदर्शन त्याने चुकवलं नव्हतं. लोक इंजिनाभोवती घोळका करत, कोपऱ्यातल्या नव्याने सजवलेल्या, कान किटवणाऱ्या गाड्यांपाशी फोटो काढत. हा मात्र एक डोळा मिटून पत्र्यावरून नजर फिरवायचा, कुठे लाट दिसते का ते बघायला. मागे थर्मास घेऊन बायको. घरातल्या कपाटाचं दार चार वर्षं लागत नाही आणि हे निघाले जगाचे पत्रे तपासायला, असं ती दर प्रदर्शनात एकदा तरी म्हणायचीच. त्याच्या त्या मडगार्डची गोष्ट तिला तोंडपाठ होती. चुरगळलेल्या कागदासारखा झालेला पत्रा, चार दिवस नुसती हातोडी, चिमूटभरही पुट्टी नाही, रंग तीनदा कालवलेला. तिचा त्यावर काडीचाही विश्वास नव्हता. गाडी कोणाची होती, हे तो कधी सांगत नसे, आणि तिथेच तिला पाणी मुरताना दिसे.

सांगणार कसा? चाळीस वर्षांपूर्वी एका सकाळी सतरा-अठरा वर्षांची एक मुलगी ही सायीच्या रंगाची गाडी कशीबशी ओढत त्याच्या दुकानात आली होती. तिने न विचारता गाडी काढली होती आणि फाटकाच्या खांबावर घातली होती. वडील पाच दिवसांनी परगावाहून यायचे होते. रडून रडून तिचे डोळे सुजले होते. “बाबांना कळता कामा नये. त्यांचा माझ्यावर फार विश्वास आहे हो,” ती म्हणाली होती. डेंटरने शब्द दिला होता.

ते बाबा आता गाडीशेजारी घडीच्या खुर्चीत बसले होते. पंच्याऐंशी तरी असतील. हातात पिवळं फडकं, समोर पाच-सहा माणसं.

“चाळीस वर्षांच्या वर झाली घेऊन,” ते सांगत होते, “पण एक ओरखडा नाही. कंपनीतून आली तशीच आहे.”

खुर्चीमागे त्यांची मुलगी उभी होती. केस पिकले होते, चष्मा लागला होता. तिची नजर डेंटरच्या हातावर गेली, अर्ध्या तुटलेल्या करंगळीवर थांबली, आणि तिचा चेहरा उतरला. तिने ओळखलं होतं.

आणि नेमकं तेव्हाच बायकोने नवऱ्याचं तोंड पाहिलं.

“अहो,” ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “हाच का तो तुमचा मडगार्ड?”

माणसं वळली. म्हातारबुवांनीही फडकं मांडीवर ठेवलं. डेंटर गुडघ्यावर हात टेकत उठला. नुसतं ‘हो’ म्हणायचा अवकाश होता. चाळीस वर्षं ज्याची बढाई म्हणून टिंगल झाली, ते काम समोर उन्हात चमकत होतं, आणि बायको पहिल्यांदाच खरंच उत्तराची वाट बघत होती. मुलीने खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी घट्ट धरली होती.

“छे गं,” तो म्हणाला. “हा कंपनीचाच आहे. असं काम माणसाच्या हातून होत नाही.”

“वाटलंच मला,” बायको म्हणाली. ते तिने हसून म्हटलं असतं तर बरं झालं असतं. ती हसली नाही.

माणसं पुढच्या गाडीकडे सरकली. मुलीने चष्मा काढून पुसला. “काकू, उभ्या का? मी खुर्च्या आणते तुम्हा दोघांना,” ती म्हणाली आणि जवळजवळ पळतच मंडपाकडे गेली.

ती लांब जाईपर्यंत म्हातारबुवा तिच्या पाठीकडे बघत राहिले. मग त्यांनी डेंटरला बोटाने जवळ बोलावलं.

“पाटी वाचूनही लोक बॉनेटला हात लावतात, दाराला लावतात,” ते हळू आवाजात म्हणाले. “मडगार्डच्या आत बोट घालणारे तुम्ही पहिलेच.”

डेंटर ऐकायला आणखी खाली वाकला.

“गाडी मी स्वतः धुतो. परगावाहून आलो, त्याच आठवड्यात ते तीन ठिपके हाताला लागले. फाटकाच्या खांबाला लागलेला गाडीचा रंग तर आल्याआल्याच दिसला होता.” त्यांनी डेंटरचा हात हातात घेतला. “माणसाच्या हातून होतं हो असं काम.”

थर्मासचं झाकण फिरवता फिरवता बायको थांबली.

मुलगी दोन्ही काखांत खुर्च्या मारून परत येत होती. म्हातारबुवांनी घाईघाईने फडकं उचललं आणि मडगार्ड पुसायला घेतला.

“तिला मात्र कळू देऊ नका. माझा तिच्यावर फार विश्वास आहे, असं वाटतं तिला.”