डोक्यावर दोन टपल्या

सिरिल अंकल बेसबॉलचे जुने वेडे. त्यांच्या लाडक्या अमेरिकन टीमने चेंडू फेकणारा चांगला पिचर सोडून दिला, तेही त्यांनी माफ केलं. पण चेंडू मारण्याच्या टप्प्यात होता की बाहेर, म्हणजे स्ट्राइक की नाही, हे ठरवणारं मशीन आलं ते नाही. आता तिथे अंपायरचा निर्णय पटला नाही की खेळाडू डोक्यावर टपली मारतो आणि खरं-खोटं मशीन सांगतं.

"मशीन आपलं कोण लागतं?" अंकल चिडायचे. "अंपायर माणूसच हवा. त्याला मन असतं."

शनिवारी दुबईत, अल कुसैसच्या मैदानावर मुलांच्या लीगची फायनल होती. अंपायर आला नाही, म्हणून अंकलच उभे राहिले. शेवटची बॅटर त्यांची नात ॲनेट. दोन स्ट्राइक झालेले, तिसरा झाला की फायनल गेली.

चेंडू तिच्या घोट्याजवळून गेला. सरळसरळ बाहेरचा. पण समोरच्या टीमचे आईबाप अंकलच्या तोंडाकडे बघत होते. नातीला जिंकवलं, असं उद्या कोणी म्हणायला नको.

अंकलनी हात वर केला. "स्ट्राइक थ्री! आउट! खलास!"

ॲनेटने त्यांच्याकडे बघत हेल्मेटवर दोन टपल्या मारल्या.

"अगं, इथे कुठलं आलंय मशीन?" अंकल पुटपुटले.

एरवी मराठीला इंग्लिशमध्येच उत्तर देणारी ॲनेट स्वच्छ मराठीत म्हणाली,



"असायला हवं होतं, ग्रँडपा. मशीन माझं कोणी लागत नाही."